पासिंगचा कागद किती खरे बोलतो?

मालवाहू व्हॅन पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे किंवा दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते तेव्हा सौद्यात गाडीच्या किमतीइतकीच चर्चा एका कागदाची होते. कायद्याच्या भाषेत तो ‘योग्यता प्रमाणपत्र’ असतो, गॅरेजमध्ये आणि टेम्पो स्टँडवर त्याला ‘फिटनेस’ म्हणतात, आणि तो मिळवण्यासाठी करावयाच्या साऱ्या खटाटोपाला ‘पासिंग’ हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला आहे. ‘पासिंग ताजे आहे, दोन वर्षे बघायला नको’ असे विकणारा सांगतो, तेव्हा प्रत्यक्षात तो दोन वेगळी विधाने एकत्र करीत असतो. दोन वर्षे ही गाडी रस्त्यावर चालवायला कायद्याची हरकत नाही, हे पहिले विधान, आणि दोन वर्षे ही गाडी सुरक्षित राहील, हे दुसरे. पहिले बहुधा खरे असते. दुसऱ्याविषयी कागद मूक असतो, आणि ते मौन खरेदीदाराने कसे वाचावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कागदाचा कायदेशीर अर्थ

खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे ठरावीक काळाने होणाऱ्या योग्यता तपासणीला सामोरे जावे लागत नाही. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे मिरवणाऱ्या व्यावसायिक वाहनाला मात्र ती सुटत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाकडे, म्हणजे मालवाहतुकीसाठी किंवा भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदलेल्या गाडीकडे, वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच वैध मानली जात नाही. त्यामुळे हा कागद नसलेली व्हॅन कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ बिननोंदणीची ठरते.

प्रमाणपत्राची मुदत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ ठरवितो. नोव्हेंबर २०१८ मधील दुरुस्तीनंतर नव्या गाडीला पहिली दोन वर्षे, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर नूतनीकरणाला दोन वर्षे, आणि त्यानंतर दर वेळी एकच वर्ष अशी रचना झाली. वय वाढले की तपासणीची वारंवारता वाढावी हे तत्त्व योग्यच आहे, परंतु वापरलेल्या गाडीच्या बाजारात याच सीमारेषेला एक चमत्कारिक महत्त्व येते. आठ वर्षे पूर्ण होण्याच्या थोडे आधी पासिंग करून घेतलेल्या गाडीच्या हाती दोन वर्षांचा कागद पडतो, आणि तो कागद गाडी जवळजवळ दहा वर्षांची होईपर्यंत पुरतो. विक्रीला येणाऱ्या गाड्यांमध्ये अशी गाडी दिसली, तर तिच्या पासिंगची तारीख आणि नोंदणीची तारीख शेजारी शेजारी ठेवून वाचणे शहाणपणाचे असते.

कलम ५६ मध्येच आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वाहन नियमांतील आवश्यकता पूर्ण करीत नाही अशी खात्री झाल्यास सक्षम अधिकारी कारणे लेखी नोंदवून प्रमाणपत्र मुदतीआधी कधीही रद्द करू शकतो. मुदत छापलेली असली तरी त्या मुदतीभर गाडी योग्य राहीलच असे कायदाही गृहीत धरत नाही, हे या तरतुदीवरून स्पष्ट होते.

दोन प्रकारच्या चुका

कोणत्याही चाचणीची विश्वासार्हता मोजताना तिच्याकडून होऊ शकणाऱ्या दोन चुका वेगळ्या ठेवाव्या लागतात. सदोष गाडी पास होणे ही पहिली चूक आणि निर्दोष गाडी नापास होणे ही दुसरी. दुसऱ्या चुकीने मालकाचा पैसा आणि दिवस वाया जातो, म्हणून तिच्याविरुद्ध लगेच ओरड होते. पहिल्या चुकीची तक्रार करायला कोणी येत नाही, कारण मालक खूश असतो, तपासनीस मोकळा झालेला असतो, आणि ज्याला त्या चुकीची झळ पोचणार असते तो पादचारी किंवा दुचाकीस्वार त्या वेळी तिथे उपस्थितच नसतो. ज्या चुकीची ओरड होत नाही ती वाढत जाते, हा तपासणीच्या सर्व क्षेत्रांतला अनुभव आहे.

या चुकांचा खरेदीदाराशी असलेला संबंध एका काल्पनिक हिशेबाने उलगडता येतो. समजा, दहा-बारा वर्षे वयाच्या १०० व्हॅन तपासणीला आल्या आणि त्यांपैकी ३० गाड्यांत गंभीर दोष आहे. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे असे मानले, म्हणजे ती सदोष गाड्यांपैकी ८० टक्के पकडते आणि चांगल्या गाड्यांपैकी १० टक्के चुकून नापास करते, तर २४ सदोष गाड्या पकडल्या जातील आणि ६ निसटतील. उरलेल्या ७० चांगल्या गाड्यांपैकी ६३ पास होतील. एकूण ६९ गाड्यांच्या हाती प्रमाणपत्र पडेल आणि त्यांपैकी ६, म्हणजे साधारण दर अकरा-बारा गाड्यांमागे एक, धोकादायक असेल. तीच चाचणी निष्काळजीपणे झाली आणि निम्मेच दोष सापडले, तर ७८ पास गाड्यांपैकी १५ धोकादायक निघतील, म्हणजे पाचातली एक. आता याच केंद्रावर, त्याच चांगल्या चाचणीला तीन वर्षे वयाच्या १०० व्हॅन आल्या आणि त्यांपैकी पाचच सदोष असल्या, तर निसटणारी गाडी फक्त एक असेल आणि सुमारे ८६ पास गाड्यांत ती एकटी असेल.

चाचणी तीच, यंत्र तेच, शिक्काही तोच. तरीही जुन्या गाडीच्या कागदाचे वजन नव्या गाडीच्या कागदापेक्षा कमी भरते. चाचणीचा निकाल किती विश्वासार्ह हे चाचणीच्या गुणवत्तेइतकेच तपासल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये मुळात दोष किती आहेत यावर अवलंबून असते, हे संख्याशास्त्राचे साधे तत्त्व त्यामागे आहे. वापरलेल्या व्हॅनचा बाजार जुन्या, बहुधा ओझ्याखाली झिजलेल्या गाड्यांचा असल्यामुळे कागदावर सर्वाधिक विसंबणाऱ्या खरेदीदाराच्या वाट्यालाच सर्वांत कमी भरवशाचा कागद येतो.

रोलरवरची चार चाके

चाचणीतला सर्वांत ‘शास्त्रीय’ वाटणारा भाग ब्रेकचा आहे. आधुनिक केंद्रात गाडीची पुढची आणि मग मागची चाके जमिनीत बसवलेल्या खरबरीत रोलरांवर उभी केली जातात; विजेची मोटर रोलर फिरवते, चालक हळूहळू पायब्रेक दाबतो, आणि फिरणाऱ्या रोलरला चाक किती बलाने अडवते ते प्रत्येक चाकासाठी स्वतंत्रपणे मोजले जाते. चारही चाकांच्या बलांची बेरीज करून तिला गाडीच्या वजनाने भागले की मिळणाऱ्या टक्केवारीला ‘ब्रेकची कार्यक्षमता’ म्हणतात. एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांतील फरकाला ‘असंतुलन’ म्हणतात, आणि तो मोठा असेल तर जोरात ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

या मोजमापात मालवाहू गाडीपुरती एक मोठी फट आहे. समजा, एका छोट्या व्हॅनचे चालकासह रिकामे वजन १,००० किलो आहे आणि तिच्या ब्रेकांकडून एकूण ५,००० न्यूटन इतकेच बल मिळते. रिकाम्या गाडीचा भार सुमारे ९,८१० न्यूटन होतो, म्हणजे कार्यक्षमता ५१ टक्के भरते, आणि किमान मर्यादा ५० टक्के असलेल्या चाचणीत ही गाडी पास होते. दुसऱ्या दिवशी तिच्यात ७५० किलो माल भरला की भार १७,००० न्यूटनच्या वर जातो. लायनर तेच, ड्रम तेच, ब्रेकचे तेलही तेच, पण कार्यक्षमता २९ टक्क्यांवर येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी ही व्हॅन ब्रेक लागल्यापासून रिकामी असताना सुमारे १९ मीटरमध्ये थांबते आणि भरलेली असताना सुमारे ३४ मीटरमध्ये. मधले पंधरा मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचे आयुष्य.

याच्या उलटही घडते. निरोगी ब्रेक असलेल्या रिकाम्या व्हॅनची मागची चाके हलकी असतात, त्यामुळे ब्रेक पुरता लागण्याआधीच ती रोलरवर जॅम होतात आणि घसरू लागतात. मग यंत्र जे बल दाखवते ते रबराच्या पकडीचे असते, ब्रेकची खरी ताकद त्यात उतरतच नाही. अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ भार ओळखणारी एक झडप असते. पाटे दबले की ती मागच्या चाकांकडे जाणारा दाब वाढवते आणि गाडी रिकामी असताना कमी करते. ही झडप गंजून एकाच जागी अडकली असेल तर रिकाम्या गाडीच्या चाचणीत तो दोष सहज लपतो.

ब्रिटनमध्ये ही अडचण ओळखून मोठ्या ट्रकांसाठी भार घालूनच ब्रेक तपासण्याचा नियम आहे आणि २०२३ पासून तो भार ॲक्सलच्या आराखड्यातील क्षमतेच्या किमान ६५ टक्के असावा लागतो. छोट्या व्हॅनसाठी अशी सक्ती करणे खर्चिक आणि गैरसोयीचे असल्यामुळे ती सहसा केली जात नाही. परिणामी जी गाडी आयुष्यभर माल वाहते तिची परीक्षा बहुधा माल उतरवूनच होते.

डोळा, हात आणि टॉमी

यंत्राने मोजता येणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात. ब्रेक, दिव्यांचा झोत, धूर, चाकांची बाजूला सरकण्याची प्रवृत्ती आणि निलंबन, म्हणजे पाटे व शॉक ॲब्सॉर्बर यांची व्यवस्था, एवढ्यांना आकडा मिळतो. बाकी सारे तपासनिसाच्या डोळ्यावर आणि हातावर अवलंबून असते. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले की बेअरिंग किंवा किंगपिन झिजले आहे का ते कळते. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून सांधा रेटला की बुश आणि टाय रॉड एंड यांतला ‘प्ले’ हाताला लागतो. हातोडीच्या हलक्या ठोक्याला चेसिसचा पत्रा टणक आवाज देतो की भद्द, यावरून तो आतून सडला आहे का याचा अंदाज येतो. हे कौशल्य अनुभवाने येते. थकवा, घाई आणि रांगेतल्या गाड्यांची संख्या यांमुळे ते कमी-जास्त होते, आणि एकच गाडी दोन तपासनिसांनी पाहिली तर किंगपिनच्या प्लेबद्दल त्यांचे मत जुळेलच असे नाही. एकाच वस्तूची पुन्हा तपासणी केल्यावर निष्कर्ष कितपत सारखा येतो याला शास्त्रात ‘पुनरुत्पादनक्षमता’ म्हणतात. यंत्राची ती बऱ्यापैकी असते, माणसाची तपासावी लागते.

महाराष्ट्रातल्या जुन्या व्हॅन कुठे राबल्या यावर त्यांचे छुपे दोष ठरतात. कोकणात बर्फातली मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फ वितळून खारे पाणी वर्षानुवर्षे हौद्यातून चेसिसवर ठिबकलेले असते; वरून रंग आणि पुट्टी नवी असली तरी आडव्या पट्ट्यांच्या जोडावर गंजाच्या पापुद्र्यांचे थर दिसतात. नाशिककडे कांदा आणि भाजीपाला यांच्या हंगामात क्षमतेपेक्षा जास्त ओझे ओढलेल्या गाडीचे मागचे पाटे चपटे झालेले असतात, आणि कधी त्यांत परस्पर एखादे जादा पान घातलेले आढळते. शहरात घरपोच मालाच्या कामावर असलेली व्हॅन दिवसभरात शेकडो वेळा थांबते आणि निघते, त्यामुळे तिचे क्लच आणि ब्रेक लायनर किलोमीटरच्या मानाने फार लवकर संपतात.

यांतील क्लचचा तर तपासणीशी संबंधच नाही. रस्त्यावरील योग्यतेच्या चाचण्या जगभर सुरक्षा आणि प्रदूषण यांच्यापुरत्या असतात. इंजिनाची झीज, गिअरबॉक्सची अवस्था आणि क्लचचे उरलेले आयुष्य त्यांत तपासले जात नाही. ब्रिटनचे सरकार आपल्या वाहनचालकांना हे उघडपणे सांगते. खरेदीदाराच्या खिशाला सर्वांत मोठे भोक पाडणारे दोष नेमके याच भागांत असतात, म्हणून ‘पासिंग ताजे’ या दोन शब्दांत त्यांचे उत्तर शोधणे व्यर्थ आहे.

त्याशिवाय पास आणि नापास या दोनच खणांत निकाल टाकण्याची पद्धत मधली सारी छटा पुसून टाकते. मोटारी आणि छोट्या व्हॅनच्या टायरवरील नक्षीची खोली ब्रिटनमध्ये किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. नव्या टायरची ती सात-आठ मिलिमीटर असते. १.७ मिलिमीटर उरलेला टायर आणि सात मिलिमीटरचा टायर यांना एकच शेरा मिळतो, पण पहिला टायर पुढच्या महिन्यात मर्यादेखाली जाणार असतो. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून दोषांची ‘धोकादायक’, ‘मोठा’ आणि ‘किरकोळ’ अशी वर्गवारी करण्यात आली. पहिले दोन असतील तर गाडी नापास होते, तिसऱ्यासह ती पास होते, आणि लवकरच बिघडू शकणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा ‘सल्ला’ नोंदला जातो. जाणकार खरेदीदार निकालाआधी तो सल्ला वाचतो, कारण गाडीची पुढची दिशा त्यातच कळते.

तपासणारा कोणाचा?

चाचणीच्या विश्वासार्हतेचा सर्वांत नाजूक भाग तपासणाऱ्याच्या हितसंबंधाचा आहे. ब्रिटनमध्ये ही चाचणी १२ सप्टेंबर १९६० रोजी, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूक मंत्री असताना सुरू झाली. प्रथम ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती. ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच त्यात पाहिले जाई. त्या काळच्या ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ या खात्याच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एमओटी’ म्हणू लागले आणि खात्याचे नाव बदलले तरी चाचणीचे तेच राहिले. नापास गाड्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले की वयाची अट लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. ही चाचणी तिथे वीस हजारांहून अधिक अधिकृत खासगी गॅरेजांत होते, आणि तीच गॅरेजे बहुधा दुरुस्तीही करतात. नापास केल्यावर कामही आपल्यालाच मिळणार असेल तर नको तितका कडकपणा करण्याचा मोह होतो, आणि जुने गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर डोळेझाक करण्याचा. हे ओळखून तिथली नियामक संस्था नुकत्याच तपासलेल्या गाड्यांचा यादृच्छिक नमुना घेऊन स्वतःच्या तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेते. चाचणीचीच चाचणी घेण्याची ही पद्धत तिच्या विश्वासार्हतेचा सर्वांत मोठा आधार आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये उलट व्यवस्था आहे. तिथे तपासणी फक्त सरकारी केंद्रांतच होते, आणि त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न बराच सुटतो. परंतु जानेवारी २०२० मध्ये त्या केंद्रांतल्या गाड्या उचलणाऱ्या ५५ लिफ्टपैकी बहुतेकांत तडे आढळले आणि मोटारी व हलक्या वाहनांची तपासणी काही काळ थांबवावी लागली. तपासणारे यंत्रही झिजते आणि त्याचीही तपासणी लागते, हा त्या प्रसंगाचा धडा होता.

महाराष्ट्रात दीर्घकाळ ही तपासणी प्रादेशिक परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षक करीत आले. निरीक्षकाला दुरुस्तीतून काही मिळायचे नसते, पण त्याच्यासमोर रोज रांगेत उभ्या असलेल्या गाड्या, त्याला मिळणारी थोडी मिनिटे आणि मालक व कार्यालय यांच्यामध्ये वावरणारा एजंट ही व्यवस्थेची वेगळी दुखणी होती. ब्रेकची चाचणी घ्यायची तर गाडीला वेग घ्यायला आणि थांबायला जागा हवी; ती जागाच अनेक कार्यालयांत नव्हती. पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी २५० मीटर लांबीच्या चाचणी मार्गाचा आग्रह धरला, आणि २०१७ च्या अखेरीस अशी सोय नसलेल्या कार्यालयांतील योग्यता प्रमाणपत्रांचे काम थांबवावे लागले. ज्या चाचणीसाठी जागाच नव्हती तिची प्रमाणपत्रे तोवर दिली जात होती, ही गोष्ट त्या काळातले कागद हाती आलेल्या प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने आणि सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची व्यवस्था आणली. या नियमांत केंद्राने फक्त चाचणी करावी, गाड्यांची किंवा सुट्या भागांची विक्री, निर्मिती अथवा दुरुस्ती करू नये, अशी स्पष्ट अट आहे आणि यंत्राचे आकडे माणसाच्या हाताला न लागता थेट संगणकात जावेत अशी अपेक्षा आहे. ही चाचणी सक्तीची करण्याच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण केंद्रे पुरेशी उभी राहिली नव्हती. संक्रमणाच्या या काळात दोन गाड्यांच्या कागदांवरचे शब्द सारखेच असतात, पण एक कागद रोलरवरून आलेला असतो आणि दुसरा मैदानातल्या फेरीवरून. म्हणून खरेदीदाराने मुदत विचारण्याआधी तपासणीचे ठिकाण आणि पद्धत विचारावी.

हितसंबंधांची दुसरी बाजू मालकाची आहे. परीक्षेच्या दिवसापुरता अभ्यास करणारा विद्यार्थी असतो तशी पासिंगच्या दिवसापुरती सजवलेली गाडीही असते. ओळखीच्या गाडीचे चांगले टायर एका दिवसासाठी चढवणे, चालू दिवे उसने घेणे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आदल्या रात्री चिकटवणे आणि काम झाले की सारे पूर्ववत करणे, हे प्रकार वाहतुकीच्या धंद्यातल्या माणसांना नवे नाहीत. तपासनीस कितीही प्रामाणिक असला तरी त्याने पाहिलेली गाडी आणि खरेदीदाराने पाहिलेली गाडी यांत अशा वेळी क्रमांक तेवढा सारखा असतो.

कागदाचे वय

प्रमाणपत्र ज्या दिवशी दिले जाते त्या दिवशीच जुने व्हायला लागते. रोज ८० किलोमीटर आणि वर्षातले ३०० दिवस चालणारी व्हॅन दोन वर्षांत ४८,००० किलोमीटर धावते. एवढ्या अंतरात टायरचा एक संच संपू शकतो, ब्रेक लायनर संपतात आणि मधल्या दोन पावसाळ्यांत चिखल, पाणी आणि खड्डे बुश-सांध्यांची परीक्षा घेतात. मुदतीच्या पहिल्या महिन्यातला आणि तेविसाव्या महिन्यातला कागद कायद्याला सारखाच वैध असला तरी माहिती म्हणून त्यांची किंमत सारखी नसते. विक्रीच्या तोंडावर मुद्दाम नवे पासिंग करून घेतलेली गाडी म्हणूनच काही अंशी चांगली, कारण तपासणी ताजी असते, आणि काही अंशी संशयास्पद, कारण तयारीही ताजी असते.

या कोड्याचे उत्तर इतिहासात असते. ब्रिटनमध्ये चाचणीच्या नोंदी संगणकावर आल्यापासून कोणीही गाडीचा क्रमांक टाकून तिचे जुने निकाल, नापास होण्याची कारणे, दिलेले सल्ले आणि प्रत्येक वेळी नोंदलेले किलोमापकाचे वाचन विनामूल्य पाहू शकतो. सलग तीन वर्षे ‘मागचे ब्रेक पाइप गंजलेले’ असा सल्ला आणि चौथ्या वर्षी अचानक स्वच्छ निकाल दिसला, तर पाइप बदलले का, एवढाच प्रश्न विचारायचा उरतो. आणि वाचन एखाद्या वर्षी मागे गेलेले दिसले तर मापक फिरवल्याचे आपोआप उघड होते. भारतात सामान्य खरेदीदाराला सरकारी ॲपवर फिटनेसची मुदत, नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी यांची वैधता दिसते. एवढीच माहिती असली तरी फिटनेस मध्येच काही महिने खंडित झाली होती का, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारता येतो. अशा खंडाचा अर्थ गाडी अपघातानंतर उभी होती, धंदा बंद होता किंवा ती तशीच चालवली जात होती, यांपैकी काहीही असू शकतो. तिन्ही उत्तरे खरेदीदाराच्या कामाची आहेत. मुदत उलटलेली असेल तर साचलेले विलंब शुल्क कोण भरणार हेही सौद्यातच ठरवलेले बरे.

कागदी इतिहास अपुरा पडतो तिथे गॅरेजची बिले, टायरवरची छापील माहिती आणि गाडीचे अंग बोलू लागते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर ते कुठून आले हे विचारावे. टायर एका बाजूने खाल्लेला असेल तर चाकांची जुळणी बिघडली आहे किंवा किंगपिन संपले आहे. पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असताना किलोमापक थोडेच वाचन दाखवत असेल तर दोघांपैकी एक खोटे बोलत आहे. शक्य असल्यास गाडीत नेहमीइतका माल भरून, मोकळ्या आणि सुरक्षित जागी, मध्यम वेगाने ब्रेक लावून पाहावा, कारण रोलरवर सहसा न होणारी परीक्षा इथेच होते. शेवटी ज्याचा या सौद्यात काहीही फायदा नाही अशा मिस्त्रीकडून जॅक लावून खालचा भाग तपासून घेतला की पासिंगच्या कागदाला दुसरे, स्वतंत्र मत मिळते, आणि दोन स्वतंत्र मते एकत्र चुकण्याची शक्यता एकापेक्षा बरीच कमी असते. वरच्या काल्पनिक हिशेबातील सहा निसटलेल्या गाड्यांपैकी निम्म्या जरी अशा मिस्त्रीच्या हाताला लागल्या तरी धोक्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० मध्ये सदोष वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला दोषी धरले आहे, आणि त्यासाठी दोष त्याला ठाऊक असलाच पाहिजे असे नाही. साधारण काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरेसे आहे. नाव बदलून घेताच ती साधारण काळजी नव्या मालकाकडे येते. फिटनेसची मुदत पुढच्या वर्षापर्यंत असली तरी पहिल्या फेरीच्या सकाळी वाकून टायर पाहणे त्याच्याकडेच असते.